गहू, तांदूळ आणि आठवा दिवस

आमच्या धंद्याचा पहिला नियम असा, की जुन्या पुस्तकावर तुम्ही जे काही कराल ते पुढच्या माणसाला सोडवता आलं पाहिजे. चिकटवाल ते निघालं पाहिजे, शिवाल ते उसवता आलं पाहिजे. कारण तुमच्यानंतर येणारा माणूस तुमच्यापेक्षा शहाणा असणार, असं धरून चालायचं. चिकटपट्टी लावून फाटलेलं पान जोडणारी प्रेमळ माणसं म्हणूनच आमची सगळ्यात मोठी शत्रू. ती पट्टी निघते, पण तिच्याबरोबर छापील शाईही निघते.

अजमानच्या औद्योगिक भागात एका बाजूला गॅरेज आणि दुसऱ्या बाजूला सोफे बनवणारे, यांच्यामध्ये आमचं दुकान आहे. मालक अबू सामेर मूळचे सीरियाचे, पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकबांधणी करणारे. पुढच्या भागात विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि कंपन्यांच्या फायली बांधल्या जातात. त्यावर दुकान चालतं. मागच्या खोलीत एसीखाली माझं टेबल, तिथे जुनी पुस्तकं येतात. त्यावर दुकानाचं नाव चालतं, असं अबू सामेर म्हणतात.

नाताळ अंकासाठी कामाबद्दल लिहा म्हटल्यावर मला आधी उम्म अल कुवैनचे एक वृद्ध गृहस्थ आठवले. त्यांचे वडील जहाजावर होते. त्यांच्या हातची ताऱ्यांवरून दिशा ओळखायची एक पोथी ते घेऊन आले. काम करा म्हणाले, पण पोथी दुकानात ठेवायला तयार नाहीत. रोज सकाळी घेऊन यायचे, माझ्यासमोर खुर्चीत बसायचे, संध्याकाळी मांडीवर ठेवून गाडीतून परत न्यायचे. ओलं पान सुकायला वेळ लागतो हे त्यांना पटायचं नाही. मग मी एका दिवसात सुकेल तेवढंच करायला लागलो. एक हिवाळा गेला त्यात. काम संपलं त्या दिवशी ते उदास झाले, आणि खरं सांगायचं तर मीही झालो.

दुसरे एक पुण्याचे. मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट अस्सल चामड्यात, सोनेरी अक्षरांत, त्याच दिवशी पाहिजे. मुलगी बाजूला उभी. ‘बाबा, इट्स ओन्ली फॉर ग्रेड थ्री’, एवढंच ती पुनःपुन्हा म्हणत होती. आम्ही दिला करून. अबू सामेरना अशी माणसं आवडतात. ‘यल्ला, आज हा वेडा आहे, उद्या ही मुलगी आपली गिऱ्हाईक’, असा त्यांचा हिशेब.

पण मला लिहायचं आहे ते मेंडेलच्या पुस्तकाबद्दल. लिहायचं आहे म्हणण्यापेक्षा, ते कुणाला तरी सांगायचं आहे.

माझा मेहुणा डॉमनिक दुबईत एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. तिथे ज्यू पाहुण्यांसाठी वेगळं स्वयंपाकघर आहे. वेगळी भांडी, वेगळे ओटे. तिथे काय शिजतं, कशात शिजतं, यावर नजर ठेवणारा माणूस म्हणजे मेंडेल. उंच, काटकुळा, लाल दाढीचा, सदैव काळ्या कोटात. हा हसिद. हसिद म्हणजे ज्यू लोकांमधला एक भक्तिमार्गी पंथ. गुरू, भजन, नाच, आणि प्रत्येक छोट्या आचारामागे काहीतरी गूढ अर्थ. हाताखालचे सगळे आचारी केरळचे आणि युपीचे, त्यामुळे हा युरोपात वाढलेला माणूस किचनमधलं हिंदी बोलतो. मला पहिल्या दिवसापासून अँथनीभाई म्हणतो.

त्याने टॉवेलमध्ये गुंडाळून आणलेलं पुस्तक जाड होतं, पण तळहातात मावेल एवढंच. हिब्रू भाषेतलं, पूर्व युरोपातल्या कुठल्याशा गावात छापलेलं, त्याच्या खापरपणजोबांचं. कागद निळसर. मला आधी वाटलं कसला तरी डाग उतरलाय. पण नाही, त्या भागात गरीब छापखाने असा स्वस्त निळा कागद वापरायचे. पुठ्ठा निखळलेला, शिवण सुटलेली, बऱ्याच पानांच्या कडा खाऊन गेलेल्या. पुस्तकाचा विषय विचारला तर मेंडेल जरा लाजला.

‘सुंता,’ तो म्हणाला. ‘लड़के का. लेकिन अंदर की बात.’

म्हणजे सुंतेच्या चालीरीती आणि त्यांच्यामागचे गूढ अर्थ. मग चहा होईपर्यंत त्याने मला त्यातलं काय काय सांगितलं. मुलाची सुंता आठव्याच दिवशी का? तर जग सात दिवसांचं आहे, आठवा दिवस जगापलीकडचा. शिवाय आठ दिवसांत एक तरी शब्बाथ, त्यांचा शनिवारचा पवित्र दिवस, येतोच. शब्बाथ म्हणजे राणी. राणीची भेट घेतल्याशिवाय राजाकडे कसं जायचं? आणि त्या समारंभाला एक खुर्ची रिकामी ठेवतात, एलिया संदेष्ट्यासाठी. तो प्रत्येक सुंतेला येतो. बाळाला क्षणभर त्या खुर्चीवर ठेवायचं. मेंडेलच्या घरात बाळाच्या उशीखाली हे पुस्तक ठेवतात. तो स्वतः त्यावर निजला होता, त्याचे वडील निजले होते. त्याची बायको खाया हिला दिवस गेले होते, पहिलं मूल. मुलगा झाला तर पुस्तक तयार पाहिजे.

मी त्याला सांगितलं, की आम्हा वसईच्या कॅथलिकांना आठवा दिवस चांगला माहीत आहे. नाताळनंतरचा आठवा दिवस म्हणजे एक जानेवारी. बाळ येशूची सुंता झाली आणि नाव ठेवलं तो दिवस. माझी आजी त्याला सुंतेचा सणच म्हणायची. म्हणजे तुमच्या एका मुलाच्या आठव्या दिवशी सगळ्या जगाचं कॅलेंडर बदलतं.

मेंडेलने यावर बराच विचार केला. मग विचारलं, ‘उस दिन केक खाते हो?’

खातो म्हटल्यावर त्याचं समाधान झालं.

अबू सामेरनी पुस्तक हातात घेतलं, कपाळाला लावलं आणि वरच्या फळीवर ठेवलं. तिथे फक्त दुरुस्तीला आलेली कुराणं असतात. देवाचं नाव असलेलं काही खाली ठेवायचं नाही, एवढंच म्हणाले. मेंडेलने जाताना सांगितलं, की पुस्तकाचे निघालेले कण आणि तुकडे कचऱ्यात टाकू नका. त्यांना ते पुरतात, माणसासारखे. अबू सामेरना यात काही नवीन वाटलं नाही.

आता थोडं कामाबद्दल. पुस्तक पूर्ण उसवायचं, पान न् पान सुटं करायचं. मऊ ब्रशने झाडायचं. कडा जिथे गेली असेल तिथे जपानी कागद लावायचा. हा कागद झाडाच्या सालीपासून करतात, तो इतका पातळ असतो की खालचं अक्षर वाचता येतं. कापायचा नाही, पाण्याची रेघ ओढून हाताने फाडायचा, म्हणजे कडेला बारीक तंतू राहतात आणि ते जुन्या कागदात मिसळून जातात. चिकटवायला खळ. गव्हाच्या सत्त्वाची, मंद आचेवर शिजवलेली, चाळणीतून दोनदा गाळलेली. देशावरच्या बायका कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात ना, तीच वस्तू. ती पाण्याने सुटते, म्हणून आम्हाला प्यारी. माझी खळ चांगली होते. हे मी स्वतः सांगतोय, पण होते.

पानं जवळजवळ सगळी जोडून झाली तेव्हा मेंडेल बघायला आला. त्याने वाटीतल्या पांढऱ्या खळीचा वास घेतला. आयुष्यभर भांड्यांत डोकावणारा माणूस, सवय जाते कुठे.

‘अँथनीभाई, ये किस चीज़ से बनता है?’

मी अभिमानाने सांगितलं. त्याचा चेहरा पडला नाही, पण थांबला.

ओलांडण सणाच्या, म्हणजे पासओव्हरच्या, आठवड्यात ज्यू घरात न आंबवलेल्या भाकरीखेरीज गव्हाचं काही राहत नाही, हे मलाही माहीत होतं. लहानपणापासून ऐकलेलं आहे, बेखमीर भाकर, इजिप्तमधून निघण्याची घाई. फक्त ते आणि माझी वाटी यांचा संबंध डोक्यात आला नव्हता. हे पुस्तक कुणाचं, कुठे ठेवणार, कुठल्या दिवसांत, हे मी विचारलंच नव्हतं. उम्म अल कुवैनच्या आजोबांना पोथी कुठे ठेवता हे विचारणारा मी.

मेंडेलनेच माझी समजूत घातली. त्याने तिथूनच आपल्या धर्मगुरूला फोन लावला. धर्मगुरू म्हणाले, कायद्याने काही हरकत नाही, सुकलेली खळ कुणी खात नाही. फोन ठेवून मेंडेल म्हणाला, कायदा वेगळा, घर वेगळं. त्याच्या आजोबांच्या घरी त्या आठवड्यात गव्हाच्या खळीचं पुस्तकसुद्धा कपाटात कुलूपबंद असायचं. पण काळजीचं कारण नाही. बाळाला अजून वेळ आहे, सण आधी होऊन जाईल. मग गहू काय नि काय.

कायदा वेगळा, घर वेगळं हे मला कुणी समजावून सांगायला नको. चर्चने माफ केलेले उपवास माझी आई मरेपर्यंत करत होती.

तरी तो निघताना मी विचारलं, तांदूळ चालला असता का?

‘चावल हम लोग उस हफ़्ते खाते नहीं. लेकिन घर में रख सकते हैं. किताब में चलेगा.’

‘आणि बटाटा?’

‘आलू?’ मेंडेलने आकाशाकडे बघितलं. ‘आठ दिन आलू ही चलता है, भाई. सुबह आलू, शाम आलू.’

आम्ही हसलो आणि विषय संपला.

बाळ सणाच्या तोंडावर जन्मलं. वेळेच्या बरंच आधी. मुलगा. सकाळी मेंडेलचा मेसेज आला आणि मी बोटांवर मोजलं. आठवा दिवस सणाच्या ऐन मध्यात येत होता.

मी फोन केला. तो आनंदात होता. पुस्तकाचं काय, विचारल्यावर म्हणाला, कपाटात राहील, पुढच्या मुलाला वापरू. तुम्ही चांगलं काम केलंय, डोक्याला त्रास करून घेऊ नका. तो इतक्या सरळपणे बोलला की मला ते जास्त लागलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या एका दिवसासाठी ते पुस्तक जपलं, त्या दिवशी ते कुलपात असणार होतं, आणि ते गव्हामुळे नाही, माझ्या न विचारण्यामुळे.

मी अबू सामेरना सांगितलं की मी सगळं सोडवतोय.

‘सगळं?’ ते म्हणाले. ‘हबीबी, त्याने मागितलंय का?’

‘नाही.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःचा खुबूस ब्रेड आणि फलाफल उचलून बाहेर गॅरेजच्या पायरीवर जाऊन बसले. काम संपेपर्यंत ते जेवायला रोज तिथेच बसायचे. मागच्या खोलीत ब्रेडचा कण येऊ दिला नाही. मी मागितलं नव्हतं.

आमचा पहिला नियम त्या दिवसांत माझ्या कामी आला. ओलसर टीपकागद कडेवर ठेवायचा, खळ मऊ होईपर्यंत थांबायचं, पट्टी सोडवायची, उरलेली खळ ओल्या कापसाने टिपून घ्यायची. घाई केली की निळा कागद लापशीसारखा होतो. मग नवीन पट्टी, नवीन खळ. तांदळाची. बटाट्यावर माझा विश्वास बसेना. लहानपणी वसईत बाबा नाताळचा तारा करायचे, बांबूच्या कामट्यांवर रंगीत कागद, आणि चिकटवायला पातेल्यातलं मऊ शिजलेलं भाताचं शीत. तारा अंगणात महिनाभर वाऱ्यात हलायचा, कागद फाटायचा पण जोड सुटायचा नाही. शीत नाही, पण तांदळाचं सत्त्व शिजवून मी खळ केली आणि ती धरली. वासाने मात्र काम करणं कठीण झालं. एसीच्या गारव्यात अजमानमध्ये आमचं जुनं स्वयंपाकघर उभं राहत होतं.

आमचाही ईस्टरआधीचा पवित्र आठवडा चालू होता. गुरुवारची चर्चमधली मिस्सा मी चुकवली. बायको सिल्वियाने माझा इस्त्री केलेला शर्ट परत कपाटात लावला. गुड फ्रायडेला मात्र गेलो. गर्दीत उन्हात उभा होतो, क्रुसाच्या पायाचं चुंबन घ्यायची रांग होती, आणि माझ्या डोक्यात पानं. उरलेली पानं आणि उरलेले दिवस यांचा मेळ बसत नव्हता. माझी पाळी आली, मी वाकलो, आणि त्या क्षणी जे मागितलं ते हे, की देवा, थोडा वेळ दे.

दुसऱ्या दिवशी रात्री, शब्बाथ संपल्यावर, मेंडेलचा मेसेज आला. बाळाला कावीळ झाली आहे, दिव्याखाली ठेवलंय. बाळ पूर्ण बरं होईपर्यंत सुंता करत नाहीत, तसा नियमच आहे. पुढे ढकलली.

वाचून मला जे पहिलं वाटलं ते मी इथे लिहितो, कारण ते न लिहिता बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. छातीवरचा दगड उतरला. सिल्विया समोर बसली होती. तिने विचारलं, ‘काय रे, हसतोयस? गुड न्यूज?’

 मग माझ्या लक्षात आलं, मी वेळ मागितला होता आणि तो कुठून आला.

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, देव असा हिशेब करत असता तर तुझ्यासारख्यांना त्याने मागायचीच बंदी केली असती. आमची रीमा मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, ‘डॅड, इट्स लाइक सुपर कॉमन. आय वॉज यलो टू, राइट?’ होती खरी. तिलाही दिव्याखाली ठेवलं होतं, डोळ्यांवर इवलीशी पट्टी बांधून, आणि मी काचेबाहेर उभा होतो. ते आठवल्यावर तर माझी पुरती वाट लागली.

काम मी थांबवलं नाही, पण आता घाई नव्हती आणि हात जड झाला होता. शब्बाथ सोडून रोज मेंडेलला विचारायचो, बाळ कसं आहे. तो आकडा पाठवायचा, काविळीचा. आकडा उतरला की एक पान चांगलं व्हायचं. सगळी पानं जोडली, सुतळीवर शिवली, नवे पुठ्ठे, वर साधं तपकिरी चामडं. तुकड्यांची पुडी वेगळी बांधली. सण संपायच्या आत घेऊन गेलो. जाण्यापूर्वी अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, खिसे उलटे करून झटकले. सिल्विया म्हणाली, लग्नाच्या दिवशीही एवढा स्वच्छ नव्हतास.

बाळ घरी आलं होतं. मेंडेलने पुस्तकाची पानं उलटली, एका कडेवरून बोट फिरवलं, ओठांना लावलं.

‘चावल?’

‘चावल.’

 मग मी त्याला ते सांगितलं. क्रुसापाशी वेळ मागितला आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलाला कावीळ झाली, आणि मला बरं वाटलं. इंग्रजीत सांगितलं, कारण हे हिंदीत सांगायला मला शब्द नव्हते.

मेंडेलने दाढी धरून ऐकलं. म्हणाला, ‘तुम्ही एकटे नाही. माझ्या सासूला लंडनहून तिकीट मिळत नव्हतं. तीही रोज वेळ मागत होती. आणि सुंता करणारे मोहेल सणात प्रवास नको म्हणून तेही.’ मग हिंदीत आला. ‘एक छोटा बच्चा, भाई. इतने लोगों के लिए थोड़ा पीला हो गया.’

मला हसू आलं नाही. त्याच्या ते लक्षात आलं. त्याने आत जाऊन बाळाला आणलं आणि काही न विचारता माझ्या हातात दिलं. गोरं, गुलाबी, कपाळाला आठ्या. मी खळीच्या वासाचे हात धुतले होते, तरी बाळाने माझं बोट नाकाशी नेलं आणि झोपलं.

सुंतेचा दिवस सण संपल्यावरचा ठरला. ते सांगताना मेंडेल मध्येच थांबला. माझ्याकडे बघितलं. मीही तेव्हाच समजलो.

‘अँथनीभाई,’ तो हळू म्हणाला, ‘उस दिन तो ब्रेड चलेगा.’

सण संपलेला असणार. घरात गहू परत आलेला असणार. माझी पहिली खळ चालली असती. सोडवलेली सगळी पानं, अबू सामेरची पायरीवरची जेवणं, चुकवलेली मिस्सा, कशाचीच गरज नव्हती. मेंडेल आधी हसला, मग आतून खाया हसली, आणि मग मी, बाळ उठेल म्हणून तोंडावर रुमाल धरून.

समारंभाला आम्ही दोघं गेलो. टेबलावर ब्रेडचा डोंगर. रिकाम्या खुर्चीवर पांढरी उशी. मेंडेलने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि खुर्चीकडे बोट केलं. मी ते ठेवलं, त्यावर उशी आली, उशीवर बाळ. मोहेलचं काम डोळ्याची पापणी लवेपर्यंत झालं. बाळ रडलं, आणि सगळी खोली गाऊ लागली. माझ्या मनात आलं, उभं आयुष्य मी सोडवता येईल असंच काम करत आलो. आणि हे एक, जे कुणाला कधी सोडवता येणार नाही, त्यासाठी ही माणसं गातायत. नाव मोठ्याने घेतलं. येहोशुआ. सिल्वियाने माझा हात दाबला. आमच्या बाळ येशूचं आठव्या दिवशी ठेवलेलं नावही त्याच मुळाचं.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. यंदाच्या ओलांडण सणात मेंडेलने फोटो पाठवला. टेबलावर बटाट्याचे तीन-चार प्रकार, मधोमध ते तपकिरी पुस्तक, आणि त्याच्याकडे हात करणारा मुलगा. खाली लिहिलं होतं, ‘आठ दिन आलू. किताब हमारे साथ बैठी है.’

मी फोटो मोठा करून बघितला. पुस्तकाची बांधणी कशी टिकली आहे ते नंतर बघितलं. आधी मुलाच्या चेहऱ्याचा रंग बघितला. अजून प्रत्येक फोटोत तेच बघतो.